पोरांच्या आजारांचं आपल्या गावापुरतं कॅलेंडर कसं बनवायचं (हजेरीवही आणि नक्षत्रं घेऊन)

पोरगं आजारी पडलं की आपल्याकडं एकच वाक्य ठरलेलं असतं, "हवा बदललीय ना." मी झेडपीच्या शाळेत शिकवते, त्यामुळं हे वाक्य मी आयांकडून, आज्ज्यांकडून, टपरीवर, एवढंच काय एकदा दवाखान्यातसुद्धा ऐकलंय. खोटं नाहीये ते, पण अर्धवट आहे. हवा बदलली म्हणजे नेमकं झालं काय? पाऊस लागला म्हणून खिडक्या बंद झाल्या, का पाणी आलंच नाही म्हणून बॅरल भरून ठेवले, का चैत्र लागला म्हणून यात्रा आली आणि मुंबईची पाव्हणी उतरली? आजार येतो तो या मधल्या भानगडीतनं, आणि ती भानगड प्रत्येक गावात वेगळी असते. म्हणून पेपरात येणारं "पावसाळ्यात घ्यायची काळजी" वाचून फारसं हाती लागत नाही. आपल्या गावापुरतं कॅलेंडर आपणच काढायचं. कसं ते सांगते, अवघड नाहीये.

माझ्या बदल्या सगळ्या सातारा जिल्ह्यातच झाल्या, आधी माण, मग पाटणचं खोरं, आता कराडजवळ, आणि बहीण दिलीय सांगलीत, त्यामुळं तिकडचंही कळतं. सगळ्यात पहिलं काम म्हणजे आपण कुठल्या पट्ट्यात बसतो ते ओळखायचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथनं शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. एकच जिल्हा, एकच कलेक्टर, आणि पाऊस दहापट कमीजास्त! सांगलीचं पण तसंच आहे, शिराळा ओला आणि जत-आटपाडी कोरडी. मग पोरांचे आजार सगळीकडं एकाच महिन्यात कसे येतील? मोटामोटी तीन पट्टे धरा: डोंगराचा ओला पट्टा (महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा), नदीकाठचा बागायती-उसाचा पट्टा (कराड, वाळवा, पलूस, मिरज, सांगली) आणि पूर्वेचा दुष्काळी पट्टा (माण, खटाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी). तुमचं गाव मधेच कुठंतरी लटकत असेल तर दोन्हीकडचं थोडं थोडं घ्या.

सामान काय लागतं? भिंतीवरचं साधं कॅलेंडर, दोन रंगाचे पेन, शाळेची नाहीतर अंगणवाडीची मागच्या दोन-तीन वर्षांची हजेरी, आणि न कंटाळणारी एक आशाताई. हजेरीवही म्हणजे खजिना आहे हो, आणि आपण तिचा उपयोग फक्त खिचडीचे आकडे भरायला करतो. एकाच वर्गातली चार-पाच पोरं एकाच आठवड्यात गैरहजर असली की तिथं काहीतरी शिजत असतं (सुगी नाहीतर लग्न नसेल तर). यंदापासनं गैरहजेरीच्या खाली पेन्सिलीनं एक अक्षर टाकायची सवय लावा: ता म्हणजे ताप, जु जुलाब, पु पुरळ, गा गाल सुजले, खो खोकला, का कावीळ. तुम्ही शिक्षक नसाल तर अंगणवाडी ताईंना विचारा, त्यांना तोंडपाठ असतं, वहीसुद्धा लागत नाही.

आता कॅलेंडरवर लाल पेनानं आजार आणि निळ्या पेनानं बाकीच्या घडामोडी लिहायच्या: पहिला मोठा पाऊस, टँकर सुरू झाला, नळाला गढूळ पाणी आलं, गावची यात्रा, पालखी, शाळा उघडली, साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. पावसाच्या तारखा कुणाला आठवत नाहीत पण नक्षत्रं म्हाताऱ्या माणसांना पक्की आठवतात. मिरग कोरडा गेला, म्हातारा पाऊस लागून राहिला, हस्तानं धुतलं, असं ते सांगतात. मृग ७-८ जूनला लागतो, म्हातारा म्हणजे पुष्य १९-२० जुलैला, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २६-२७ सप्टेंबर. झाली तारीख. आमच्या शेजारच्या आप्पांनी मला मागच्या सात वर्षांचा पाऊस नक्षत्रांवर सांगितलेला, मध्ये एकदाही अडखळले नाहीत.

यानंतर येतं खरं काम, मागं मोजायचं. आजार दिसला त्या दिवशीच्या हवेकडं बघून काही उपयोग नसतो कारण लागण आधीच झालेली असते. फ्लूला १ ते ४ दिवस, रोटा व्हायरसच्या जुलाबांना साधारण २ दिवस, हात-पाय-तोंडाच्या पुरळाला ३ ते ६, डेंग्यूला ४ ते १०, गोवराचा ताप साधारण दहाव्या दिवशी आणि पुरळ चौदाव्याच्या आसपास, कांजिण्या १० ते २१ पण बहुतेक १४-१६, गालगुंड १६ ते १८ (कधी जास्तही), टायफॉईड एक ते तीन आठवडे, आणि दूषित पाण्यातनं होणारी कावीळ १५ ते ५० दिवस म्हणजे सरासरी महिनाभर. हे आकडे कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. लाल खुणेपासनं तेवढे दिवस मागं गेलं की निळी खूण सापडते का बघायचं, बस एवढाच सगळा खेळ आहे.

एक उदाहरण सांगते, माझीच फजिती आहे. माणमध्ये असताना शाळा उघडून तीनच दिवस झालेले, मिरग कोरडा गेलेला, आणि चौथीची सहा पोरं तापानं आडवी. मी म्हटलं व्हायरल असेल, पाऊसच नाही तर डास कुठले. दोघांची टेस्ट डेंग्यूची आली. आरोग्यसेवक शाळेत आले आणि त्यांनी हात धुवायच्या बॅरलमध्ये टॉर्च मारला तर आत ढीगभर अळ्या वळवळत होत्या. लाजेनं मेल्यासारखं झालं मला. पण मग मागं मोजलं, ४ ते १० दिवस, तर ते सगळे दिवस सुट्टीतले निघाले, म्हणजे त्या सहा पोरांना डास शाळेत चावलाच नव्हता (बॅरल पुढच्या सहा जणांची तयारी करत होता एवढंच). सहाही पोरं एकाच आळीतली होती आणि त्या आळीला टँकर यायचा आठ दिवसांनी. आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी प्रत्येक दारात चार-चार बॅरल, आणि ते कधीच तळापर्यंत रिकामे होत नाहीत, खाली वीतभर पाणी ठेवूनच वरनं परत भरायचं. अंड्यापासनं डास व्हायला उकाड्यात ८ ते १० दिवस पुरतात. म्हणजे टँकरचा फेरा आणि डासाचा फेरा बरोबर जुळलेला. दुष्काळी पट्ट्यात डेंग्यूला पाऊस लागत नाही, पाण्याची टंचाई पुरते, हे मला तेव्हा कळलं. आता बऱ्याच ठिकाणी योजनांचं पाणी आलंय पण नळ रोज येत नाही, त्यामुळं साठवायची सवय आहे तशीच आहे.

तेव्हा पूर्वेकडच्यांनी कॅलेंडरवर दोन डेंग्यूचे काळ धरायचे, एक टँकरचे महिने आणि दुसरा परतीच्या पावसानंतरचा. तिकडं खरा पाऊस उत्तरा-हस्तात पडतो, त्याच्यापुढं डास तयार व्हायला आठ-दहा दिवस, डासाच्या पोटात व्हायरस पिकायला आणखी आठ-बारा, मग पोराला लागण होऊन ताप यायला ४ ते १०, म्हणजे साचलेल्या पाण्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी ताप. हस्तात पाऊस झाला की दिवाळीच्या आसपास सावध. थंडी पडली की डासाचं सगळंच काम मंदावतं, कडक उन्हाळ्यात पण तो उघड्यावर टिकत नाही, पण बॅरलच्या आडोशाला, मोरीत, पलंगाखाली गारव्याला बसून राहतो.

उपाय काय, तर बॅरल आठवड्याला एकदा पूर्ण रिकामा करायचा आणि कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून, आणि ती अंडी कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात, पाणी आलं की परत जिवंत. काथ्यानं घासा. पाणी ओतायचं जीवावर येतं हे मला कळतं, लांबनं आणलेलं असतं, मग ते झाडाला घाला, जनावरांना पाजा, आणि बॅरलच्या तोंडाला जुनी साडी नाहीतर धोतर घट्ट बांधा. हौदात गप्पी मासे, आरोग्य केंद्रात विचारलं की मिळतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, टायर, नारळाच्या करवंट्या हे तर सगळ्यांना माहितीय तरी कुणी बघत नाही. हा डास दिवसा चावतो आणि शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडं फारसा जात नाही, म्हणजे तो आपल्याच आळीत पैदा झालेला असतो, शेजारच्या गावाला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि डेंग्यूच्या तापात फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन-ॲस्पिरिन अजिबात नाही. ताप उतरला म्हणजे सुटलो असं पण समजू नका, तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरताना पोट दुखतंय, सारखी उलटी होतेय, पोरगं मलूल पडलंय, लघवी कमी झालीय, नाकातनं नाहीतर हिरड्यातनं रक्त येतंय असं दिसलं तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

पाटणचं सगळंच उलटं. तिथं म्हातारा पाऊस लागला की दहा-दहा दिवस झड सुटत नाही. आमच्या शाळेची एक खोली गळायची, मग दोन वर्ग एकाच खोलीत, खिडक्या लावलेल्या, ओली दप्तरं, ओले स्वेटर, आणि कुणीतरी शिंकतंय. आपल्याकडं फ्लू वर्षातनं दोनदा चढतो, एकदा पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि एकदा थंडी सरताना जानेवारी ते मार्च. थंडीत कोरड्या हवेत शिंकेचे थेंब वाळून बारीक होतात आणि हवेत जास्त वेळ तरंगतात, नाकाचं आतलं अस्तर पण सुकतं. पावसाळ्यात मात्र मुख्य कारण म्हणजे आपण सगळे एकाच खोलीत कोंबलेलो असतो. पोरगं भिजलं म्हणून व्हायरस आकाशातनं पडत नाही, भिजून आल्यावर ते जिथं बसतं तिथं पडतो. (माझ्या सासूबाईंना हे पटलेलं नाही, पटणारही नाही.)

मी तिथं एकच केलं, पाऊस पश्चिमेकडनं मारतो ना, मग पश्चिमेच्या खिडक्या बंद आणि पूर्वेच्या सताड उघड्या. पोरं कुडकुडली नाहीत, आत पाणी आलं नाही आणि कोंदट वासही गेला. घरी चूल असेल तर झडीच्या दिवसात तान्ह्या लेकराला चुलीपाशी शेकत ठेवू नका, बंद घरात धूर आणि खोकणारी माणसं दोन्ही त्याच्या छातीत जातं. खोकला असेल तर पोर शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा, २ महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास ५० किंवा वर, आणि १ ते ५ वर्षाच्या पोराचे ४० किंवा वर गेले तर तो न्यूमोनिया असू शकतो, काढा-बिढा बाजूला ठेवून दवाखाना. तीन महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला तर मोजत बसायचीसुद्धा गरज नाही, सरळ उचला.

याच दिवसात हात-पाय-तोंडाचं पुरळ पण येतं, अंगणवाडीतनं सुरू होतं आणि बघता बघता सगळी बालवाडी घरी. उबदार ओलसर हवा मानवते त्याला. त्याच्यावर सॅनिटायझर नीट चालत नाही हे लक्षात ठेवा, रोटाच्या जुलाबांचं पण तेच, या व्हायरसना बाहेरचं तेलकट आवरण नसतं म्हणून अल्कोहोल त्यांना फारसं मारत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. कोरोनात आणलेल्या बाटल्या आमच्याकडं अजून कपाटात आहेत आणि साबणाची वडी मात्र कायम संपलेली.

डोंगरातल्या वाड्यांची अजून एक गंमत आहे, गंमत म्हणायची का नाही देव जाणे. गोवर टिकून राहायला मोठी वस्ती लागते, काही लाखांची, छोट्या वाडीत तो टिकत नाही, येतो आणि विझतो. मग वर्षानुवर्षं येतच नाही आणि लोकांना वाटतं आमच्याकडं नसतोच, लस कशाला. मधल्या काळात न झालेली, लस न घेतलेली पोरं साठत जातात आणि एक दिवस एसटीतनं कुणीतरी घेऊन येतो. उत्तर अटलांटिकातल्या फॅरो बेटांवर १८४६ साली असंच झालेलं, पासष्ट वर्षं गोवर नव्हता, कोपनहेगनहून एक सुतार आला आणि पावणेआठ हजारातली सहा हजार माणसं आजारी पडली, मोठी माणसंसुद्धा. आधीच्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना मात्र तो परत झाला नाही. पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं तिथं घरोघर फिरून तारखा लावल्या आणि लागण ते पुरळ मधले १३-१४ दिवस शोधले. आपण हजेरीवर करतोय ते हेच, फक्त त्याला होडीनं फिरावं लागलं.

आपल्याकडची होडी म्हणजे यात्रा. चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा, मुंबई-पुण्याची सगळी माणसं गावी, एका घरात वीस माणसं आणि पोरं एकाच अंथरुणात. गोवर आणि कांजिण्यांचा जोर पण थंडी सरता सरता ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्यात उसाच्या पट्ट्यात बीडकडनं आलेल्या टोळ्या मार्च-एप्रिलपर्यंत असतात, कोप्यातल्या (त्यांच्या झोपड्यांतल्या) लेकरांचे डोस निम्मे तिकडं राहिलेले, निम्मे इकडं. दोष त्यांचा नाही हो, कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत असतं आणि आपण "तुमच्या गावात घ्या" म्हणून मोकळे होतो. सरकारी लसीकरणाला गाव लागत नाही, कुठल्याही सत्राला कुठलंही बाळ चालतं. म्हणून कॅलेंडरवर बॉयलर पेटल्याच्या खुणेपुढं मी लिहिते, "कोप्यांवर सिस्टरांना घेऊन जाणे." गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यात, आणि शंभरात पंच्याण्णव पोरांचे दोन्ही डोस झालेले असले तरच साथ अडते, नव्वदवर समाधान मानून चालत नाही.

यात्रेची तारीख निळ्यानं लिहिली की तिथनं दहावा ते एकविसावा दिवस कंसात घाला. त्या दिवसात ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लाल आणि मग कानामागनं-चेहऱ्यावरनं सुरू होणारं पुरळ दिसलं तर घामोळ्या म्हणून सोडू नका, आशाताईंना कळवा. गोवराचं पोरगं खोलीतनं निघून गेल्यावर दोन तासापर्यंत व्हायरस हवेत राहू शकतो, आणि पुरळ यायच्या चार दिवस आधीपासनं ते पसरवत असतं. गोवर म्हणजे बाया (देवी) आल्यात म्हणून लिंबाचा पाला टांगा, नैवेद्य करा, माझी काही हरकत नाही, पण गोवरात डॉक्टर अ जीवनसत्त्वाचा डोस देतात तो चुकवू नका, न्यूमोनिया आणि डोळे दोन्ही त्यात असतं.

सांगलीकरांचं कॅलेंडर फुटात चालतं. "आयर्विनला किती फूट?" (आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल) एवढंच विचारायचं, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं तेव्हा बहिणीचं सगळं घर शाळेतल्या निवाऱ्यात होतं. पाणी उतरलं की निळी खूण करा आणि पुढं मोजा: पहिल्या आठवड्यात जुलाब-उलट्या, दुसऱ्यात लेप्टोचा ताप (उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातनं, म्हणून पोरांना चिखल काढायला लावू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नाही), तीन-चार आठवड्यांनी डेंग्यू, आणि महिना उलटला की कावीळ. कावीळ येते तेव्हा सगळे पूर विसरून सणांच्या गडबडीत असतात आणि मग भेळवाल्याला दोष देतात. लहान पोरांत ती इतकी सौम्य असते की कळतही नाही, मोठं कुणीतरी पिवळं पडलं की मग घर जागं होतं.

पूर नसला तरी कावीळ-टायफॉईडचं मूळ बहुतेक गटारातनं गेलेल्या पाइपात असतं. नळ बंद असताना पाइप बाहेरची घाण आत ओढतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात गटारं तुंबलेली असतात. जलसुरक्षकाला (गावचं पाणी बघणाऱ्या माणसाला) सांगा की ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) टाकीपाशी नको, गावातल्या शेवटच्या नळाला कर, तिथं पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन पोचलं. तोपर्यंत पाणी उकळून, चांगली खळखळ उकळी एक मिनिट.

थंडीतलं थोडक्यात: डिसेंबर-फेब्रुवारीत दोन वर्षाच्या आतल्या पोराला आधी उलटी आणि मग पाण्यासारखे जुलाब म्हणजे बहुतेक रोटा, दात येतायत म्हणून नव्हे. लस तोंडातनं, ६, १०, १४ आठवड्याला, मोफत. झालंच तर ओआरएस (पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात ६ छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, सगळे चमचे सपाट), अंगावरचं दूध चालू ठेवायचं, आणि झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करायच्या.

शाळेत परत कधी पाठवायचं हे पालक हमखास विचारतात, ते पण कॅलेंडरवर एका कोपऱ्यात लिहून ठेवा: गोवर पुरळ आल्यापासनं ४ दिवस घरी, गालगुंड सूज आल्यापासनं ५ दिवस, कांजिण्या सगळ्या खपल्या धरेपर्यंत, हात-पाय-तोंड ताप जाऊन फोड सुकेपर्यंत.

आणि एक, कॅलेंडरवर पोरांची नावं लिहायची नाहीत, फक्त इयत्ता, आळी आणि आकडा. मी पहिल्या वर्षी नावं लिहिली होती, एका आईनं शाळेत येऊन बघितलं, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासनं तिच्या पोराच्या गैरहजेरीचं कारण कायम "मामाकडं गेलाय" असं यायला लागलं. दोन वर्षं तो मामाकडंच होता.